आल्प्सचा शरद आणि आकाशातला कॅमेरा

३ ऑक्टोबर १८९८ रोजी स्वित्झर्लंडमधील ऱ्होन नदीच्या खोऱ्यात वसलेल्या सियों या गावातून ‘वेगा’ नावाचे बलून आकाशात चढले. बलूनचा कप्तान होता एडुआर्ड स्पेल्टेरिनी. त्याच्यासोबत पाळण्यात झ्युरिचचे ख्यातनाम भूगर्भशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम होते. आल्प्सच्या शिखरांवरून ईशान्येकडे जायचे, असा बेत होता. परंतु वाऱ्याने तो मानला नाही. त्याने बलूनला वायव्येकडे ढकलले आणि जुरा पर्वत ओलांडून ही मंडळी थेट फ्रान्समध्ये उतरली. प्रवासात बलूनने सहा हजार मीटरहून अधिक उंची गाठली होती. मोहिमेची दिशा चुकली खरी. पण आल्प्सच्या दगडी वळ्या आणि बर्फाळ माथे वरून कसे दिसतात, हे एका भूगर्भशास्त्रज्ञाला आणि एका कॅमेऱ्याला एकाच वेळी पाहता आले. पुढच्याच वर्षी या सफरीवरचे पुस्तकही प्रसिद्ध झाले.

ही सफर ऑक्टोबरात झाली, या तपशिलाकडे एरवी कुणाचे लक्ष जाणार नाही. तथापि आल्प्सच्या हवाई छायाचित्रणाचा त्यानंतरचा सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरअखेर हे दोन महिने त्यात पुन्हापुन्हा येतात. याची कारणे दोन असून ती परस्परांपासून पुष्कळ भिन्न आहेत. एक कारण सौंदर्याचे आहे आणि दुसरे हिशेबाचे. दिनदर्शिकांवर झळकणारी छायाचित्रे पहिल्या कारणासाठी काढली जातात. दुसऱ्या कारणासाठी काढलेली छायाचित्रे सहसा भिंतीवर लावावीशी वाटत नाहीत. मात्र आल्प्सचे आज काय चालले आहे, हे जाणून घ्यायचे असेल, तर तीच पाहावी लागतात.

शरद ऋतूबद्दल इथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. आपल्याकडे शरद म्हणजे पाऊस सरल्यानंतरचे धुतलेले आकाश आणि कोजागिरीचे चांदणे. पानगळ आपण शिशिरात पाहतो आणि रंगांची उधळण पळस-पांगाऱ्याच्या रूपाने फाल्गुनात. युरोपात मात्र निरभ्र आकाश, पानांचे रंग बदलणे आणि पानगळ हे सारे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या काही आठवड्यांत एकवटते. उन्हाळाभर दुपारनंतर शिखरांवर जमणारे गडगडाटी ढग या दिवसांत कमी होतात, हवेतील बाष्प घटते आणि थंड वाऱ्याची एक लाट येऊन गेली की दूरची शिखरे हाताशी आल्यासारखी स्पष्ट दिसू लागतात.

उतरता सूर्य, लांब सावल्या

आकाशातून काढलेल्या छायाचित्रात सर्वात आधी हरवते ती उंची. डोक्यावर सूर्य असताना सरळ खाली रोखलेल्या कॅमेऱ्याला डोंगर आणि दरी जवळजवळ सपाट दिसतात. उंचसखलपणा कळतो तो सावल्यांमुळे. आल्प्सच्या मध्यभागी, सुमारे साडेशेहेचाळीस अंश अक्षांशावर, जूनच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य क्षितिजापासून ६७ अंशांपर्यंत चढतो. ऑक्टोबरच्या मध्यास तो जेमतेम ३५ अंशांवर असतो. (मुंबईत त्याच दिवशी तो ६२-६३ अंशांवर असतो, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यापेक्षा थोडासाच खाली.) याचा अर्थ असा की, एक हजार मीटर उंचीच्या कड्याची भर दुपारची सावली जूनमध्ये सव्वाचारशे मीटरची असते, तर ऑक्टोबरमध्ये ती चौदाशे मीटरपर्यंत पसरते. कडे, घळी, जुन्या हिमनद्यांनी मागे टाकलेले दगडगोट्यांचे बांध, इतकेच काय कुरणांवरील गुरांच्या पायवाटादेखील या तिरप्या प्रकाशात उठून दिसतात.

हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकाराला ही पर्वणी असते. नकाशे तयार करणाऱ्याला मात्र त्याच सावल्या नकोशा होतात, कारण काळ्या सावलीत दडलेल्या उतारावर काय आहे, हे मोजता येत नाही. म्हणून मोजणीची उड्डाणे शक्यतो ऑगस्टअखेर व सप्टेंबरमध्ये, दिवसाच्या मधल्या तासांत केली जातात आणि सौंदर्याची उड्डाणे ऑक्टोबरात, सकाळ-संध्याकाळी. आल्प्सच्या शरदाचे हे दोन भाग आहेत, असे म्हटले तरी चालेल. पहिला भाग राखाडी, दुसरा सोनेरी.

आधी सोनेरी भागाविषयी. आल्प्समधील सूचिपर्णी वृक्षांत हिवाळ्यापूर्वी पाने गाळणारा वृक्ष एकच, तो म्हणजे लार्च. पाइन आणि स्प्रूस बारमाही हिरवे राहतात. लार्चच्या सुया मात्र ऑक्टोबरात पिवळ्या, मग केशरी-सोनेरी होतात आणि झडतात. वृक्षरेषेच्या अगदी वरच्या काठावर, दोन हजार मीटरच्या आसपास, लार्चची वने आढळतात. त्यामुळे आकाशातून पाहताना खाली गर्द हिरवा पट्टा, त्यावर सोन्याचा पट्टा आणि त्याच्याही वर पहिल्या हिमवर्षावाचा पांढरा, असे तीन थर एकाच उतारावर दिसतात. पूर्व स्वित्झर्लंडमधील एंगाडिन हे खोरे यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. तेथील सरोवरांच्या काठची लार्चवने ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बहराला येतात आणि रंग टिकतो तो फार तर दोन-तीन आठवडे. एखादी वादळी रात्र आली की खेळ आटोपला.

याच दिवसांत दिसणारे दुसरे दृश्य म्हणजे धुक्याचा समुद्र. जुरा आणि आल्प्स या दोन पर्वतरांगांच्या मधल्या सखल प्रदेशात थंड, जड हवा साचते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. एरवी उंचीबरोबर तापमान उतरते. येथे ते उलट चढते. झाकणाखाली धुके कोंडले जाते आणि त्याचा वरचा पृष्ठभाग बहुधा आठशे ते हजार मीटरच्या पातळीवर अगदी सपाट राहतो. झ्युरिच, बर्नसारख्या शहरांतील नागरिक दिवसचे दिवस राखाडी छताखाली वावरतात आणि त्याच वेळी वर लख्ख ऊन पडलेले असते. या समुद्रातून बेटांसारख्या वर आलेल्या टेकड्या टिपण्यासाठी छायाचित्रकार पहाटेच विमानतळ गाठतात. अर्थात विमानतळच धुक्यात बुडालेला असला, तर उड्डाणच होत नाही.

दक्षिणेकडून आल्प्स ओलांडून येणारा कोरडा, उष्ण ‘फोन’ वारा हाही या मोसमातील महत्त्वाचा पाहुणा. तो वाहतो तेव्हा हवा कमालीची पारदर्शक होते. तथापि शिखरांच्या पाठीमागे त्याच वाऱ्याचे भोवरे तयार होतात आणि लहान विमानाला ते जीवघेणे ठरू शकतात. सर्वोत्तम दृश्यमानता आणि सर्वात धोकादायक हवा एकाच दिवशी यावी, हा आल्प्सचा जुना स्वभाव आहे.

हिमनद्यांचे आर्थिक वर्ष

आता राखाडी भागाकडे वळू. आपल्याकडील व्यापारी दिवाळीत जुन्या वह्या मिटवून नव्या वह्यांचे पूजन करीत, तसे हिमनद्यांचेही एक हिशेबी वर्ष असते. ते १ ऑक्टोबरला सुरू होते आणि ३० सप्टेंबरला संपते. ऑक्टोबर ते एप्रिल-मे या काळात हिमनदीवर बर्फ साठतो, ही जमेची बाजू. मे-जूनपासून तो वितळू लागतो, ही खर्चाची. सप्टेंबरच्या अखेरीस, नवा बर्फ पडण्यापूर्वी, जे शिल्लक दिसते तो त्या वर्षाचा ताळेबंद.

हा ताळेबंद आकाशातून अक्षरशः वाचता येतो. हिमनदीच्या वरच्या भागावर गेल्या हिवाळ्याचा बर्फ उरलेला असेल, तर तो भाग पांढरा दिसतो. खालच्या भागावरचे ताजे हिम संपून जुना, मळकट, भेगाळलेला बर्फ उघडा पडलेला असतो; तो राखाडी-निळसर दिसतो. या दोहोंमधली सीमा म्हणजे त्या वर्षीची हिमरेषा. सुदृढ हिमनदीचे साधारण साठ टक्के क्षेत्र उन्हाळ्याच्या शेवटीही पांढरे राहिले पाहिजे, असा ढोबळ नियम आहे. हे प्रमाण त्याहून कमी असेल, तर हिमनदी भांडवल मोडून खात आहे, असे समजावे.

म्हणूनच वेळ अचूक साधावी लागते. ऑगस्टच्या मध्यास छायाचित्र घेतले तर वितळण्याचे महत्त्वाचे आठवडे अद्याप बाकी असतात. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबावे, तर एखाद्या रात्रीत दहा सेंटिमीटर ताजे हिम पडते आणि सारी हिमनदी वरपासून खालपर्यंत पांढरीशुभ्र होते. पर्यटकाला ते दृश्य मोहक वाटते. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र वहीवर पांढरा रंग सांडलेला असतो. शिवाय ताज्या हिमाच्या एकसारख्या पृष्ठभागावर कोणतीही खूण नसल्याने दोन छायाचित्रांतील समान बिंदू जुळवणे संगणकालाही जड जाते.

महाराष्ट्रातून दरवर्षी मोठ्या संख्येने पर्यटक मे महिन्याच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला जातात आणि ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोख या रेल्वेस्थानकावरून आलेच हिमनदी पाहतात. आल्प्समधील ही सर्वात मोठी हिमनदी, लांबी वीस किलोमीटरच्या आसपास. मे महिन्यात तिच्यावर हिवाळ्याचे जाड पांघरूण असते. त्या शुभ्र विस्तारासमोर उभे राहून काढलेल्या छायाचित्रात हिमनदी आजारी आहे, हे कळण्याचा काही मार्गच नसतो. तीच हिमनदी सप्टेंबरमध्ये विमानातून पाहिली, तर तिच्या दोन्ही काठांवर झाडे-गवत नसलेला फिकट खडकाचा रुंद पट्टा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्फ तिथपर्यंत होता, याची ती खूण. हौदातील पाणी उतरल्यावर भिंतीवर ओल्या पातळीची रेघ राहते, तसाच हा प्रकार. त्या काळापासून आलेचचे टोक तीन किलोमीटरहून अधिक मागे सरकले आहे.

गेल्या काही वर्षांचे आकडे तर अस्वस्थ करणारे आहेत. २०२२ मध्ये हिवाळ्यात हिम कमी पडले, मार्चमध्ये सहारातून आलेल्या धुळीने ते काळवंडले, त्यामुळे त्याने अधिक ऊन शोषले आणि पाठोपाठ कडक उन्हाळा आला. त्या एका वर्षात स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनी आपल्या एकूण बर्फापैकी सुमारे सहा टक्के गमावला. २०२३ मध्ये आणखी चार टक्के गेले. २०२४ मध्ये हिवाळा दमदार होता, तरीही सुमारे अडीच टक्के बर्फ घटलाच; २०२५ मध्ये सुमारे तीन टक्के. टक्केवारी लहान वाटेल. पण दरवर्षी ती उरलेल्या मुद्दलातून वजा होत आहे. २०१५ ते २०२५ या दहा वर्षांत जवळजवळ एक चतुर्थांश बर्फ नाहीसा झाला.

छायाचित्रावरून घनफळ कसे काढतात

विमान एका सरळ रेषेत उडत असताना कॅमेरा ठरावीक अंतराने खाली रोखून छायाचित्रे घेतो. लागोपाठच्या दोन छायाचित्रांत किमान साठ टक्के भाग समान असेल, अशी व्यवस्था केलेली असते. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून पाहतात आणि त्यामुळे आपल्याला खोली कळते. येथेही तत्त्व तेच. केवळ दोन डोळ्यांमधले अंतर काही सेंटिमीटरांऐवजी शेकडो मीटरांचे असते. या जोड्यांवरून संपूर्ण पृष्ठभागाची उंची बिंदूगणिक काढता येते. हे काम पूर्वी अवाढव्य यंत्रांवर, भिंगांत डोळे घालून, हाताने चाके फिरवत करावे लागे. हाइनरिश विल्ड या स्विस अभियंत्याने अशी यंत्रे व हवाई कॅमेरे विकसित केले आणि १९२१ मध्ये हेरब्रुग येथे सुरू झालेला त्याचा कारखाना या क्षेत्रात जगभर नावाजला गेला. आता हे काम संगणक करतात.

एका वर्षाच्या पृष्ठभागातून दुसऱ्या वर्षाचा पृष्ठभाग वजा केला की किती घनमीटर घट झाली, ते कळते. त्याला घनतेने, साधारणपणे घनमीटरला ८५० किलोने गुणले की पाण्याचे वजन मिळते. अर्थात केवळ आकाशातून सारे उलगडत नाही. हिमनदीवर रोवलेल्या काठ्या आणि हिवाळ्यात खणलेले खड्डे यांची जोड त्याला द्यावीच लागते. ही कामे करणारी माणसे पायी, दोर बांधून बर्फावर जातात. विमानातला कॅमेरा त्यांची जागा घेत नाही.

स्वित्झर्लंडची राष्ट्रीय नकाशासंस्था ‘स्विसटोपो’ हे हवाई सर्वेक्षण करते. तिच्या संग्रहातील हवाई छायाचित्रे १९२६ पासूनची आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली, अमेरिकी लष्कराच्या विमानांनी घेतलेली छायाचित्रेही तिने जोडून संपूर्ण देशाचे त्या वर्षीचे एकसंध चित्र तयार केले आहे. आज संपूर्ण देश सुमारे तीन वर्षांच्या आवर्तनात टिपला जातो. सखल भागात चित्रातील एक ठिपका जमिनीवरील १० सेंटिमीटरचा असतो, उंच आल्प्समध्ये २५ सेंटिमीटरचा. २०१५ पासून युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह दर काही दिवसांनी आल्प्सवरून जातात. त्यांचा ठिपका दहा मीटरचा आहे. उपग्रहाची वारंवारिता मोठी, विमानाची नजर तीक्ष्ण. म्हणून दोहोंची गरज टिकून आहे. २०१३ ते २०१८ या काळातील हवाई छायाचित्रांवरून केलेल्या गणनेत स्वित्झर्लंडमध्ये सुमारे १,४०० हिमनद्या आढळल्या. १९७३ च्या गणनेत हीच संख्या सुमारे २,१५० होती.

मिटेलहोल्झरचा वारसा

या साऱ्या उद्योगाला लोकप्रियता मिळवून दिली ती वाल्टर मिटेलहोल्झर या उमद्या वैमानिकाने. १८९४ मध्ये सेंट गालेन येथे जन्मलेला मिटेलहोल्झर मुळात छायाचित्रकार. वैमानिक तो नंतर झाला. पहिले महायुद्ध संपल्यावर त्याने हवाई छायाचित्रण आणि प्रवासी उड्डाणांची कंपनी काढली. ती पुढे ‘आड आस्ट्रा’त आणि १९३१ मध्ये ‘स्विसएअर’मध्ये विलीन झाली. मिटेलहोल्झरने १९२६-२७ मध्ये झ्युरिच ते केपटाऊन असा सागरी विमानाचा प्रवास केला, त्याच्या पुस्तकांनी आणि चित्रपटांनी त्याला देशाचा लाडका नायक केले. आकाशात इतके धोके पत्करणाऱ्या या माणसाला १९३७ मध्ये मृत्यूने गाठले ते मात्र जमिनीवर, ऑस्ट्रियाच्या डोंगरात गिर्यारोहण करताना.

उघड्या विमानातून छायाचित्र काढणे हे बलूनमधून काढण्यापेक्षा पुष्कळ अवघड होते. बलून वाऱ्याबरोबरच वाहते. त्यामुळे पाळण्यात वारा लागत नाही आणि इंजिन नसल्याने थरथरही नसते. स्पेल्टेरिनीच्या काचेच्या प्लेटवरील प्रतिमा इतक्या रेखीव का आल्या, याचे उत्तर यात आहे. त्याने पुढे १९०९ मध्ये शामोनीहून निघून माँ ब्लांचा परिसर पार केला, त्या छायाचित्रांवर युरोपभर व्याख्याने दिली. पण विमाने आली आणि लोक बलूनला विसरले. १९३१ मध्ये तो विपन्नावस्थेत निवर्तला. मिटेलहोल्झरपुढे बोचरा वारा, थरथरणारा सांगाडा, गोठलेली बोटे आणि काचेच्या जड प्लेटा असा सगळा मामला होता. तरीही त्याच्या नावावर सुमारे अठरा हजार छायाचित्रे आहेत. स्विसएअरची उड्डाणे ३१ मार्च २००२ रोजी कायमची थांबली. मात्र तिचा छायाचित्रसंग्रह झ्युरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठाच्या ग्रंथालयाने सांभाळला. कोणते शिखर, कोणते गाव, कोणते विमान हे ओळखण्यासाठी २००९ पासून स्विसएअरच्या निवृत्त कर्मचाऱ्यांची मदत घेण्यात आली आणि नंतर हे काम सर्वसामान्य नागरिकांसाठीही खुले करण्यात आले.

मिटेलहोल्झरची दृष्टी प्रामुख्याने सौंदर्याची होती. शिखरे भव्य दिसावीत, पुस्तके खपावीत, लोकांनी विमानाचे तिकीट काढावे, हा हेतू. शंभर वर्षांनी मात्र त्याची छायाचित्रे पुरावा ठरली. १९१९ मध्ये त्याने माँ ब्लां परिसराची छायाचित्रे घेतली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाचे संशोधक कीरन बॅक्स्टर आणि अॅलिस वॉटरसन हेलिकॉप्टरमधून त्याच जागी गेले. ‘त्याच जागी’ हे सांगणे सोपे आहे. आकाशात खुणेचा दगड नसतो. जुन्या छायाचित्रात कोणता सुळका कोणत्या शिखराच्या कितपत आड आला आहे, हे पाहून हवेतील तो बिंदू शोधावा लागतो. सुळके हलत नाहीत, म्हणून हे शक्य होते. त्यांच्या मधली मेर द ग्लास, आर्जांतिएर व बोसों या हिमनद्यांची पात्रे मात्र एका शतकात कितीतरी खाली बसलेली दिसली. दोन्ही छायाचित्रे शेजारीशेजारी ठेवली, तर तज्ज्ञाची टिप्पणी वाचावी लागत नाही. मेर द ग्लासच्या पृष्ठभागापर्यंत उतरण्यासाठी पर्यटकांकरिता बांधलेल्या पायऱ्यांची संख्या बर्फ खाली जाईल तशी वाढत वाढत पाचशेच्या पुढे गेली. अखेर २०२४ मध्ये वरच्या अंगाला नवा रोपवेच सुरू करावा लागला.

जुन्या छायाचित्रांतून किती माहिती पिळून काढता येते, याचे आणखी एक उदाहरण २०२२ मध्ये समोर आले. १९१६ ते १९४७ या काळात नकाशांसाठी समोरच्या डोंगरांवरून, म्हणजे आकाशातून नव्हे, घेतलेल्या २१,७०० छायाचित्रांवरून ईटीएच आणि स्वित्झर्लंडची वन-हिम संशोधन संस्था यांनी १९३१ सालचा हिमनद्यांचा पृष्ठभाग पुन्हा उभा केला. १९३१ ते २०१६ दरम्यान देशातील हिमनद्यांचे घनफळ निम्मे झाले, हा त्याचा निष्कर्ष. पुढच्या अवघ्या सहा वर्षांत आणखी बारा टक्के घट झाली.

ब्लाटेनची आठवण

हिशेब चुकवला तर काय होते, हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता नाही. २८ मे २०२५ रोजी लोचेनटाल खोऱ्यातील ब्लाटेन या गावावर बर्शच्या हिमनदीचा बर्फ आणि खडक यांचा प्रचंड लोंढा कोसळला. वरच्या क्लाइनेस नेस्टहॉर्न या शिखरावरून निखळलेल्या दरडी हिमनदीवर साचत होत्या, त्या भाराने ती पुढे सरकत होती आणि अखेर सारेच खाली आले. गावाचा बहुतेक भाग गाडला गेला, लोन्झा नदी अडून तिचे तळे झाले. सुमारे तीनशे रहिवाशांना नऊ दिवस आधी, १९ मे रोजी, हलवण्यात आले होते. एका व्यक्तीला प्राण गमवावे लागले. डोंगर हलत आहे हे कॅमेरे, रडार आणि मोजमापे यांनी वेळेत सांगितले नसते, तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. दुर्घटनेनंतर बचावकार्यासाठी स्विसटोपोने परिसराची ताजी हवाई छायाचित्रे तातडीने उपलब्ध करून दिली.

प्रत्येक दरडीचे खापर तापमानवाढीवर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. उंच पर्वत नेहमीच ढासळत आले आहेत. परंतु खडकांना सांधून ठेवणारी गोठलेली जमीन सैल होत आहे आणि हिमनद्यांचा आधार गेलेले उतार उघडे पडत आहेत, हेही तितकेच खरे. असे उतार आधी कसे होते, त्यावर भेग कधी पडली, हे पाहण्यासाठी मागच्या शरदातले, सावली नसलेले, ताजे हिम नसलेले छायाचित्र हाताशी असावे लागते. डोंगरावर आणि पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी त्या ‘कुरूप’ राखाडी छायाचित्राचे मोल सोनेरी लार्चवनापेक्षा अधिक आहे.

उडणाऱ्यांसाठी आणि पाहणाऱ्यांसाठी

अलीकडे ड्रोनमुळे हवाई छायाचित्रण सामान्यांच्या आवाक्यात आले आहे. पर्यटकांनी ड्रोन सोबत नेण्यापूर्वी नियम जरूर पाहावेत. स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२३ पासून युरोपीय नियम स्वीकारले असून जमिनीपासून १२० मीटरपेक्षा अधिक उंच ड्रोन उडवता येत नाही. एंगाडिनमधील स्विस राष्ट्रीय उद्यानात ड्रोनला बंदी आहे. ती योग्यच म्हणावी लागेल, कारण शरद हा हरणांच्या मीलनाचा काळ असतो आणि कड्यांवरील सुवर्णगरुड आपल्या हद्दीत आलेल्या ड्रोनवर झडप घालायला कचरत नाही.

हेलिकॉप्टर वा लहान विमान भाड्याने घेणारे व्यावसायिक शक्यतो दार काढून किंवा खिडकी उघडून काम करतात. चार हजार मीटरवर शरदातही तापमान शून्याखाली असते, म्हणून जादा बॅटऱ्या अंगाशी, कोटाच्या आत ठेवतात. कोपर सांगाड्याला टेकवायचे नाही, हा पहिला धडा. टेकवले की यंत्राची थरथर थेट भिंगात उतरते. शटरचा वेग सेकंदाच्या एक हजारांश भागाच्या आसपास ठेवतात.

ज्यांना यातले काही शक्य नाही, त्यांनी युरोपात जाता-येता प्रवासी विमानाची खिडकी तरी सोडू नये. झ्युरिच, जिनिव्हा, मिलान या मार्गांवर आल्प्सचे दर्शन घडण्याची शक्यता बरीच असते. सूर्य ज्या बाजूला असेल त्याच्या विरुद्ध बाजूची, पंखाच्या पुढची जागा निवडावी, कारण मागे इंजिनाच्या उष्ण झोतामुळे दृश्य लहरते. कॅमेऱ्यावर पोलरायझर लावू नये; खिडकीच्या प्लास्टिकमधून इंद्रधनुषी डाग उमटतात. गडद कपडे घातले तर काचेतील प्रतिबिंब कमी होते.

घरबसल्या पाहणाऱ्यांसाठीही पुष्कळ सोय आहे. स्विसटोपोने १ मार्च २०२१ पासून आपली माहिती आणि चित्रे सर्वांसाठी विनामूल्य केली आहेत; तिच्या संकेतस्थळावर एखादी हिमनदी निवडून दशकांमागून दशके मागे जाता येते. मिटेलहोल्झरची छायाचित्रे ईटीएच ग्रंथालयाच्या चित्रसंग्रहात मोठ्या आकारात पाहता येतात. आलेच किंवा ऱ्होन हिमनदीपासून सुरुवात करावी, आणि छायाचित्राखालची तारीख आधी वाचावी. ती सप्टेंबरची असेल, तर दिसणारा पांढरा भाग त्या वर्षाची खरी शिल्लक असण्याची शक्यता अधिक. मे महिन्याची असेल, तर त्यावरून काहीच ठरवता येणार नाही.